घरात वारा खेळला पाहिजे

कला शाखेच्या विद्यार्थिनीने घराच्या खिडक्यांवर लेख कशासाठी लिहावा, असे हा लेख लिहावयास घेतल्यापासून निदान चौघींनी तरी मला विचारले. "हा विषय इंजिनियर लोकांचा," असेही एकीने सांगितले. प्रश्न रास्त आहे. मी इतिहास आणि मराठी घेतलेली मुलगी. विटा, सिमेंट आणि उष्णतामान यांचे शास्त्र मी शिकलेली नाही. परंतु घरात सर्वांनाच राहावे लागते. आणि या विषयावर जगात दीडशे वर्षांहून अधिक काळ जे ज्ञान जमा झाले आहे, ते आपल्या खेड्यातल्या मिस्त्रीपर्यंत आणि चुलीपुढे बसणाऱ्या बाईपर्यंत का पोचले नाही, हा प्रश्न विटांचा नसून भाषेचा आणि समाजाचा आहे. म्हणजे तो आपल्या शाखेचा आहे. म्हणून हा प्रपंच.

प्रथम आपल्याकडची परिस्थिती पाहू. आमच्या मंगरुळपीरकडची जुनी घरे बहुतेक धाब्याची. मातीच्या जाड भिंती, वर कडीपाट, त्यावर पांढऱ्या मातीचा थर आणि धुराला व उजेडाला वाट म्हणून छताला ठेवलेले एक साणे. दिवसभराचे ऊन जाड भिंत सावकाश पिते; ते आत पोचेपर्यंत रात्र होते आणि मग दार व साणे उघडे असले म्हणजे रात्रीचा वारा ते घेऊन जातो. याचा अर्थ ही घरे सर्वगुणसंपन्न होती असा नव्हे. ती अंधारी होती, दरवर्षी माती टाकावी लागे, आणि पावसाची झड लागली की भिंत बसेल या भीतीने माणसे रात्र जागून काढीत. आमच्या घराने अशा रात्री काढलेल्या आहेत. त्यामुळे जुन्या घरांचे गोडवे गाण्याचा माझा विचार नाही. पक्के घर मिळणे म्हणजे काय, हे ज्याला मिळाले त्यालाच कळते.

प्रधानमंत्री आवास योजनेचा ग्रामीण भाग २०१६ साली सुरू झाला. त्यात घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, स्वयंपाकाच्या जागेसह, असे ठरले आणि सपाट प्रदेशासाठी १ लाख २० हजार रुपयांची मदत ठरली. खिडक्या ठेवू नका, असे योजना कोठेही म्हणत नाही. घर ज्याचे त्याने बांधायचे असते. पण पैसा मोजका, वाळू-सिमेंट महाग. पाया, भिंती, स्लॅब आणि दार झाले की खिडकीच्या वाट्याला जे उरेल ते येते. आमच्या घराला एक दार आणि एक खिडकी आली. आमच्या गल्लीतल्या बहुतेक घरांची हीच कथा आहे. वर पत्रे असतील तर घर दुपारी तापते. स्लॅब असेल तर तो दिवसभर ऊन साठवतो आणि रात्री खाली सोडतो.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४३-४४ अंशांवर जातो, हे वाचकांस सांगावयास नको. त्या रात्री बाबा, काका आणि भाऊ अंगणात बाजा टाकून झोपतात. घरातल्या वयात आलेल्या मुली व सुना मात्र आत झोपतात, दार लावून. मी आणि माझी धाकटी बहीण अशाच झोपतो. तेव्हा घरात वारा किती येतो हा प्रश्न घरातल्या सर्वांना सारखा लागू होत नाही. ज्याला अंगण मोकळे आहे त्याला तो फारसा जाणवत नाही, आणि खिडक्या किती ठेवायच्या हे बहुधा तोच ठरवितो.

दुसरी गोष्ट धुराची. २०१६ च्या उज्ज्वला योजनेनंतर गॅसची शेगडी पुष्कळ घरांत आली, ही चांगली गोष्ट घडली. पण सिलिंडर पुन्हा भरण्याचा खर्च पाहून आमच्याकडे चहा आणि पाहुण्यांचा स्वयंपाक गॅसवर, तर भाकरी आणि आंघोळीचे पाणी चुलीवर, अशी वाटणी झालेली आहे. शेतातल्या पऱ्हाट्या आणि तुराट्या फुकट असतात. जुन्या घरात तो धूर साण्यातून वर जाई. नव्या घरात साणे नाही, चूल मात्र आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरातल्या अशा धुरामुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसे मेली, आणि त्यांत पाच वर्षांखालची २ लाख ३७ हजारांहून अधिक बालके होती. हा आकडा वाचल्यापासून आईच्या खोकल्याकडे मला पूर्वीसारखे दुर्लक्ष करता येत नाही.

आता जगाला या विषयात काय ठाऊक आहे ते थोडक्यात पाहू. १८५८ साली म्युनिक येथे माक्स फॉन पेटेनकोफर या शास्त्रज्ञाने असे मांडले की, बंद खोलीतली हवा किती कोंदली आहे हे त्या हवेतल्या कार्बन डायऑक्साइडवरून मोजता येते. हजार भाग हवेत एक भाग ही त्याने मर्यादा धरली. आजही वर्गखोलीची हवा तपासताना ही मर्यादा पुष्कळ ठिकाणी आधाराला घेतात. २००७ साली पेरू देशातल्या लिमा शहरातील आठ रुग्णालयांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. क्षयरोग हवेतून पसरतो, म्हणून खोलीतली हवा तासाला किती वेळा बदलते हे त्यात मोजले होते. खिडक्या-दारे उघडी असताना ती साधारण २८ वेळा बदलत होती. उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या जुन्या दालनांत तर ४० वेळा, आणि नव्या बांधणीच्या खोल्यांत १७ वेळा. यंत्राने हवा खेळविण्याच्या खोल्यांसाठी शिफारस केलेला आकडा होता १२. म्हणजे गरीब देशातली जुनी, मोठ्या खिडकीची खोली महागड्या यंत्राला मागे टाकू शकते! क्षय ज्या भागातून अजून गेलेला नाही, त्या भागातल्या लोकांना हे कोणी सांगायला नको काय?

परंतु येथे एक सावधगिरी हवी. परदेशचे ज्ञान म्हणून जे मिळेल ते जसेच्या तसे उचलून चालत नाही. १९९१ साली जर्मनीत डार्मस्टाट येथे वोल्फगांग फाइस्ट यांच्या पुढाकाराने अगदी थोड्या इंधनात उबदार राहणारी घरे बांधली गेली. ती इतकी घट्ट की फटीतूनही वारा शिरू नये. ताजी हवा यंत्रातून, आतली ऊब न दवडता आत यायची. थंड देशात ही बुद्धिमत्तेची कमाल आहे. आपल्यासारख्या उन्हाळ्यात घराची रचना निराळी हवी. आपल्या हवामानाची गरज जाणणारे लोक कैरोला आणि इराणातल्या यझ्दला आहेत. यझ्दच्या घरांवर वारा पकडून खाली उतरविणारे उंच मनोरे असतात. त्यांना बादगीर म्हणतात. इजिप्तमध्ये अशाच रचनेला मलकाफ म्हणतात. हसन फतही या इजिप्ती वास्तुशास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात लक्सरजवळ न्यू गुर्ना हे गाव मातीच्या विटांनी आणि अशा वाऱ्याच्या वाटांनी बांधावयास घेतले. बांधणी उत्तम होती. तरी ज्यांच्यासाठी ती होती त्यांतले बहुतेक लोक तिथे राहावयास गेले नाहीत, कारण आपले गाव सोडून जाण्याची त्यांची मुळात इच्छाच नव्हती. घर चांगले असून भागत नाही, राहणाऱ्याला आधी विचारावे लागते, हा धडा मला त्या खिडक्यांइतकाच मोलाचा वाटतो.

आपल्या देशातसुद्धा एका प्रांताचे शहाणपण दुसऱ्याला जसेच्या तसे लागू पडत नाही. लॉरी बेकर हे मूळचे इंग्रज. १९४५ पासून ते भारतात राहिले, पिथौरागडच्या डोंगरातल्या घरांकडून शिकले आणि पुढे केरळात त्यांनी विटांच्या जाळीदार भिंतींची शेकडो सुंदर व स्वस्त घरे बांधली. विटा उभ्या लावून मधे पोकळी ठेवण्याची त्यांची पद्धत विटा वाचविते आणि उष्णताही अडविते. ती आपल्याकडे चालेल. परंतु दिवसभर वारा वाहू देणारी जाळी दमट केरळात जितकी सुखाची, तितकीच ती वैशाखात वाशीमला जाचाची. दुपारची झळ आणि धूळ दोन्ही आत येतील. आपल्याकडचा नियम असा की दुपारी बंद, रात्री सताड उघडे. माझी आजी कधी शाळेत गेली नाही, पण तिला हे पाठ आहे. ती म्हणते, "राती घरात वारं खेयलं पाह्यजे, नाही तं माणूस कोमेजते." मराठीत 'वायुवीजन' हा शब्द पुस्तकात सापडतो, 'खेळती हवा' हा शब्द घरात सापडतो. मला दुसरा अधिक आवडतो.

कूलरचेच उदाहरण घ्या. विदर्भात कूलर नाही असे गाव विरळा. पुष्कळ घरांत कूलर लावून बाकीची सर्व दारे-खिडक्या लावून घेतात, गारवा बाहेर जाऊ नये म्हणून. कूलर पाण्याने हवा गार करतो. त्या ओल्या हवेला बाहेर पडायला वाट नसेल तर खोली दमट होते आणि थोड्या वेळाने घाम सुकत नाही. समोरच्या बाजूची खिडकी थोडी उघडी ठेवली की तोच कूलर, तेवढ्याच विजेत, चांगले काम देतो. एवढी साधी गोष्ट कितीजणांना माहीत आहे?

ज्ञानाची देवाणघेवाण कशी असावी, याचे एक उदाहरण मला फार उद्बोधक वाटले. 'सुखकर तापमान' म्हणजे किती, याचे गणित डेन्मार्कच्या ओले फँगर यांनी १९७० साली ग्रंथरूपाने मांडले. त्यासाठी प्रयोगशाळेत बसविलेले लोक मुख्यतः अमेरिकेतल्या कॅन्ससचे आणि डेन्मार्कचे महाविद्यालयीन विद्यार्थी होते, म्हणजे आपल्याच वयाचे! त्यांना जे सुखकर वाटले ते पुढे अनेक देशांतल्या कचेऱ्यांचे माप झाले. त्यानंतर अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाने भारतातल्या पाच शहरांत १६ इमारतींतील लोकांची सहा हजारांवर उत्तरे गोळा केली. त्यातून असे दिसले की, बाहेरच्या ऋतूप्रमाणे इथल्या माणसांचे सुख बदलते आणि जिथे खिडकी उघडता येते तिथे पुष्कळ अधिक तापमानातही माणसे समाधानी असतात. परदेशी माप तपासून पाहण्यासाठी आधी आपल्या माणसांना विचारावे लागले. विचारल्यावर विजेची बचत कोठे होऊ शकते हेही कळले.

अशी देवाणघेवाण सरकारी पातळीवरही झालेली आहे. २०१० च्या भीषण उन्हाळ्यानंतर अहमदाबाद महानगरपालिकेने गांधीनगरची सार्वजनिक आरोग्य संस्था आणि अमेरिकेतली एक पर्यावरण संस्था यांच्या साहाय्याने २०१३ साली उष्णतेशी सामना करण्याची योजना आखली. पुढे त्यात गरीब वस्त्यांतली छपरे चुन्याने पांढरी करण्याचा कार्यक्रमही आला. स्वित्झर्लंडच्या सहकार्याने २०११ पासून चाललेल्या प्रकल्पातून राजकोट येथे आवास योजनेतील हजाराहून अधिक घरांच्या खिडक्या, छते आणि हवेच्या वाटा विचारपूर्वक आखल्या गेल्या. त्याच प्रकल्पाच्या मदतीने २०१८ साली 'इको निवास संहिता' ही राष्ट्रीय नियमावली तयार झाली. घराच्या क्षेत्राच्या किती टक्के भाग उघडता येण्याजोगा हवा, हे तिने हवामानाप्रमाणे ठरवून दिले आहे : उष्ण-कोरड्या प्रदेशात १० टक्के, संमिश्र हवामानात साडेबारा टक्के.

मी हे वाचून आनंदले आणि आमच्या घराचा हिशेब मांडला. २५ चौरस मीटरचे साडेबारा टक्के म्हणजे तीन चौरस मीटरांहून थोडे अधिक. बाहेर उघडणारे दारही या हिशेबात धरतात. पण ज्यांना रात्री दार लावून झोपावे लागते त्यांच्या वाट्याला मग काय उरते? आणखी पुढे वाचले तेव्हा कळले की, ही संहिता ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरील घरांसाठी आहे. म्हणजे आमच्यासारखी वीस घरे एकत्र केली तर जेवढी जागा भरेल तेवढा भूखंड हवा! ज्ञान परदेशातून दिल्लीपर्यंत आले, ही मोठीच मजल आहे. पण दिल्लीहून मंगरुळपीरच्या वाटेवर ते ५०० चौरस मीटरच्या फाटकाशी थांबले. केंद्रीय ग्रामविकास खात्याने संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम आणि दिल्लीची आयआयटी यांच्यासह ग्रामीण घरांच्या नमुन्यांचा 'पहल' नावाचा एक मोठा संग्रहही केला आहे. तो इंग्रजीतला संग्रह आमच्या गावातल्या एकाही मिस्त्रीच्या हातात मी पाहिलेला नाही.

हे सर्व परकीयांकडूनच शिकायचे आहे असा समज मात्र करून घेऊ नये. आपल्याच विदर्भातल्या वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामला बापू कुटी आहे. मीराबेन, म्हणजे एका इंग्रज ॲडमिरलची कन्या, यांच्या देखरेखीखाली माती, बांबू व कौले वापरून गावच्या कारागिरांनी ती उभी केली. १९७८ साली व्हिएन्नात जन्मलेले विचारवंत इव्हान इलिच सेवाग्रामला आले, त्या झोपडीत बसले आणि तिच्यापासून आपण काय शिकलो यावर त्यांनी भाषण केले. वर्ध्याच्याच मगनवाडीतून धूर कमी करणारी 'मगन चूल' देशभर गेली. आणि आपले वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. इथल्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरविले. त्यातल्या शिलालेखात लेण्याचे वर्णन करताना गवाक्षांचाही उल्लेख केलेला आहे. दीड हजार वर्षांपूर्वी डोंगर फोडणाऱ्यांना खिडकी सांगण्याजोगी वाटली, आणि आपण ती शेवटच्या शंभर विटांवर सोडून देतो!

याला विरोध करणारे म्हणतील, आधी घर तरी मिळू द्या, खिडक्यांचे चोचले नंतर. बाबांनीही मला हेच ऐकविले. चोरीची भीती, सापकिरडू, डास, आणि रस्त्यावरून आत दिसू नये ही लाज, ही कारणेही खरी आहेत; त्यांना हसण्यात अर्थ नाही. पण त्यांना उत्तरे आहेत. गरम हवा वर चढते. म्हणून छताखाली समोरासमोर दोन उंच झरोके ठेवले आणि त्यांना जाळी बसविली, तर बाहेरून आत दिसत नाही, चोर शिरत नाही, डास अडतो आणि धूर व उष्मा बाहेर पडतो. भिंत बांधतानाच ही जागा सोडली तर खर्च थोडाच येतो. नंतर फोडायची म्हटली तर जास्त. स्लॅबला वरून चुना मारणे हे घरच्या माणसांचे एका सकाळचे काम आहे. नवा पंखा घ्यायचाच असेल तर साधा सत्तर-पंचाहत्तर वॅटचा, आणि नव्या बीएलडीसी जातीचा साधारण तीस वॅटचा, हा फरक दुकानात विचारून घ्यावा. यांतले काहीही चोचले या सदरात मोडत नाही.

मग आपण काय करावे? माझ्या तीन सूचना आहेत. पहिली : आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर ज्या गावी भरेल तिथे रस्ता झाडण्याबरोबर एक पाहणी करावी. घराला खिडक्या किती, चूल कोठे, धुराला वाट आहे का, रात्री आत कोण झोपते, आणि साध्या तापमापकाने रात्री दहा वाजता घरात व अंगणात किती अंश भरतात, एवढेच लिहून काढावे. दुसरी : मराठी विभागाच्या मदतीने सोळा पानांची, चित्रांसह एक पुस्तिका तयार करावी. ती प्रमाण मराठीत असावी, पण मिस्त्री वापरतो ते शब्द तिच्यात असावेत, आणि मानोऱ्याकडच्या तांड्यांसाठी ती गोरमाटीतही व्हावी. गोरमाटी बोलणारे विद्यार्थी आपल्याच वर्गात आहेत. तिसरी, आणि मला सर्वात महत्त्वाची वाटणारी : ही वाट एकेरी असू नये. धाब्याचे घर बांधता येणारे म्हातारे कारागीर अजून हयात आहेत. साणे कोठे ठेवायचे, कोणत्या दिशेला भिंत कोरी सोडायची, कोणती माती घ्यायची, हे त्यांना विचारून इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी टिपून घ्यावे. कैरोची गोष्ट वाशीमला कळावी, तशी वाशीमची गोष्टही कैरोला कळावी. आपल्याजवळ देण्यासारखे काही नाही, हा समज घेऊन आपल्यासारखी पहिल्या पिढीची मुले महाविद्यालयात येतात. तो समज येथेच गळून पडावा.

प्राध्यापक महाशयांना माझी विनंती आहे की, या सूचनांचा विचार शिबिराचा आराखडा ठरण्यापूर्वी व्हावा. आमच्या गावात या हिवाळ्यात आणखी काही घरांचे पाये भरले जाणार आहेत. भिंती छातीएवढ्या उंच होण्यापूर्वी कोणीतरी त्या मिस्त्रीशी दोन शब्द बोलले, तर पुढच्या वैशाखात त्या घरांतल्या मुली सुखाने झोपतील.